प्रोग्रॅमिंग शिकताना कोणत्या कामानं डोकं चाललं?

मराठवाड्यात कॉलेजात, पॉलिटेक्निकला, क्लासला कोडिंग शिकलेल्यांनो आणि शिकवणाऱ्यांनो, सर कसे होते ते राहू द्या. करायला काय दिलं होतं, ते लिहा.

परभणी, डिप्लोमा
आमचं सगळं जर्नल! फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग नंबर. सीनियरच्या जर्नलवरून उतरवायचं, सही घ्यायची. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी लूपच्या, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या कोडच्या, अटीतलं बरोबरचं (=) चिन्ह खोडलं आणि विचारलं, "आता काय छापेल?" अख्खी बॅच गप.

लातूर, शिकवतो
अमेरिकी संशोधक इलियट सोलोवे यांचा १९८० च्या दशकातला 'रेनफॉल प्रॉब्लेम' मी दरवर्षी देतो. पावसाचे आकडे घेत जा, ९९९९९ आला की थांब, सरासरी सांग. दिसायला किरकोळ, पण भल्याभल्यांची विकेट जाते. आकडे देतो ०, ०, १२, ०, ४, ९९९९९. निम्म्या पोरांचा प्रोग्रॅम शेवटचा आकडाही बेरजेत धरतो आणि सरासरी सोळा हजारांवर जाते. एकजण म्हणाला, "सर, एवढ्यात मांजरा धरणच वाहून जाईल." उत्तर खोटं आहे हे त्याला आपसूक कळलं, नुसत्या 'एन' आकड्यांच्या सरासरीत ते कळत नाही. मग खरी जुंपली: कोरडे दिवस धरायचे का? धरले तर ३.२, सोडले तर ८. शेतकऱ्यांची पोरं हटेनात, खंडाचे दिवस मोजायचेच! पहिलाच आकडा ९९९९९ आला तर शून्यानं भागाकार होतो, हे त्या भांडणातूनच निघालं.

बीड
क्लासला पहिल्याच महिन्यात 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' करून आणा. प्रोजेक्ट झेरॉक्सवाल्याकडं तयार मिळायचा. बाकी काय सांगू!

नांदेड, लॅब असिस्टंट
लाईट गेली की आमच्याकडं कागदाच्या पट्ट्या. एकेका पट्टीवर कोडची एकेक ओळ, उलटसुलट, त्यात एक फालतू ओळ मिसळलेली; क्रम लावा. ही युक्ती पार्सन्स आणि हेडन या संशोधकांनी २००६ मध्ये मांडली. सेमिकोलनची कटकट नाही, सगळं लक्ष क्रमावर. एरवी मागं बसणाऱ्या मुली यात पुढं असतात.

संभाजीनगर, कंपनीत
नवख्यांना सोडवलेलं उदाहरण देऊन त्यात एक बदल करायला लावते. सोडवलेली उदाहरणं बघून नवखे लवकर शिकतात, हे स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं होतं. मात्र हात बसल्यावर तीच उदाहरणं अडगळ होतात, तेव्हा कोरं पानच द्यावं.

हिंगोली, शाळा
एका संगणकावर पाचजण. स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर हलवायचं; ते सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्याआधी प्रत्येकानं मांजर कुठं थांबेल ते वहीत लिहायचं. ज्याचा अंदाज चुकतो, माऊस त्याच्या हातात.