घेणाऱ्यांनीही लिहा : धर्मग्रामातल्या सेवाकार्याचे अनुभव

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, मी चौदा वर्षं सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचं काम करतेय. दर आठवड्याला बैठक असते. प्रार्थना होते, कोण कुणाच्या घरी जाऊन आलं ते सांगितलं जातं आणि मग कापडी थैली फिरते. मूठ मिटून हात आत घालायचा. कुणी दहा टाकले, कुणी हजार, ते कुणालाच कळत नाही. कुणाची मूठ रिकामी असेल तर तेही कळत नाही, आणि मला त्या थैलीचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडेरिक ओझानम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन हे काम सुरू केलं. वादसभेत त्यांना तोंडावर विचारलं गेलं होतं, की तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतंय? तेव्हापासूनची रीत आजही तीच आहे : दोघांनी मिळून माणसाच्या घरी जायचं.

27 सप्टेंबरला संत व्हिन्सेंटचा सण असतो, त्या निमित्ताने या धाग्यावर तुमचे अनुभव हवेत. देणाऱ्यांनी लिहा, घेणाऱ्यांनी तर लिहाच. चुकलेलं आधी लिहा. फक्त कुणाचं घर ओळखू येईल असं काही नको.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिल्याच भेटीत एका विधवा ताईंच्या खोलीत मला फ्रिज दिसला. बाहेर पडल्यावर सोबतच्या काकांना म्हटलं, "फ्रिज आहे की यांच्याकडे!" काका काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत ताईंच्या मुलाने वही काढायला तोच फ्रिज उघडला. आत शाळेचे गणवेश घड्या घालून ठेवलेले, खालच्या कप्प्यात पुस्तकं. उंदरांपासून वाचवायला. फ्रिज कधीचाच बंद पडला होता, त्याची वायरही कापलेली होती. त्यानंतर कुणाच्याही घरातल्या वस्तू मी मोजल्या नाहीत.

घेणाऱ्या घरातली

तुम्ही "घेणाऱ्यांनी तर लिहाच" म्हणालात म्हणून लिहिते. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. दर गुरुवारी दोघंजण यायचे. तांदूळ, तूरडाळ, तेल, कधी शाळेची फी. पिशवीवर मोठ्या निळ्या अक्षरांत "गरिबांसाठी मदत" असं छापलेलं. आई ती पिशवी रिकामी झाली की उलटी करून शिवायची, छापील बाजू आत. तिला बाजारात तीच पिशवी न्यावी लागायची, दुसरी चांगली नव्हती.

एका गुरुवारी ती उलटी पिशवी खिळ्याला लटकलेली होती आणि आलेल्या दोघांपैकी बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी हात लावून शिवण पाहिली. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून पिशव्या कोऱ्या आल्या, आमच्याच नाही, सगळ्यांच्याच.

आज मी नोकरी करते, थैलीत माझीही मूठ जाते. पण खरं सांगू? त्या दीड वर्षात आईला सगळ्यात मोठा आधार तांदळाचा नव्हता. ते दोघं बसून कोरा चहा प्यायचे, उठायची घाई करायचे नाहीत. बाकीचे नातेवाईक तेव्हा दारावरूनच विचारपूस करून जायचे.

वसई पूर्व, शिक्षक

मी हिंदू आहे, आणि आमच्या चाळीत बोललं जायचं तेच माझ्याही मनात होतं : ही मंडळी मदत करतात ती धर्म वाढवायला. जुलै 2018 च्या पुरात रुळांवर पाणी, लोकल बंद, दिवसचे दिवस वीज नाही. मिठागरातल्या वस्तीला तर चारी बाजूंनी पाण्याने वेढलं होतं. आमच्या गल्लीत पाण्याचे कॅन आणि मेणबत्त्या घेऊन दोन सिस्टर आणि पाच-सहा तरुण आले. मी सरळ विचारलं. त्यातल्या एका मुलाने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही माझ्या हातात दिली. रकाने होते : माणसं किती, दुधावरचं बाळ आहे का, रोजची गोळी कुणाला लागते. धर्माचा रकानाच नव्हता. आता शनिवारी त्यांच्या अभ्यासवर्गात मी गणित शिकवतो. चार वर्षांत मला कुणी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बोलावलेलं नाही.

वरच्या सरांना

लॉकडाउनमध्ये, मे 2020 ला, वसईतल्या सनसिटीच्या मैदानावर उत्तर प्रदेशच्या गाड्यांसाठी माणसं उन्हात ताटकळत होती, तेव्हा आमचा युवा गट तिथे पुलाव वाटत होता. खाणं बऱ्यापैकी पोचत होतं. एका सुताराने पुलाव परत केला आणि मोबाइल पुढे केला : "बॅटरी गेलीय, घरी कळवायचंय." दुसऱ्या दिवशी जवळच्या दुकानातून वायर ओढून आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड लावले. तुमच्या वहीवाल्या मुलासारखं आम्हीही आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

नातू

सगळे धान्यावर लिहितायत, मला पाण्यावर लिहायचंय. आमची वाडी पश्चिमेला. इमारती वाढल्या तसे टँकर आले आणि वाड्यांमधल्या विहिरी उपसून पाणी विकलं जाऊ लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसई संरक्षण समितीतून त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा आजी मोर्चात गेली. आजोबांनी मात्र आमच्याच विहिरीचं पाणी टँकरवाल्याला दिलं होतं. घरात लग्न होतं, पैसे हवे होते. कित्येक दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. शेजारीपाजारी म्हणायचे, चर्चने देवाचं बघावं, टँकरचं काय काढलंय.

मग पानवेल पिवळी पडायला लागली. पाणी मचूळ झालं होतं. आजोबांनी स्वतः जाऊन टँकर बंद केला. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातलं, पाणी नातवंडांना दाखवताना ते नेहमी सांगायचे, "हे तुझ्या आजीनं राखलं." दानधर्म लागतोच, पण टँकर कुणीतरी अडवावा लागतो, आणि ते करणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात.

वीटभट्टीवरचं काम

नातवाने लिहिलं त्याच वाटेवर आम्ही उशिरा आलो. दरवर्षी नाताळच्या आधी पूर्वेच्या वीटभट्ट्यांवर जाऊन कातकरी कुटुंबांना ब्लँकेटं वाटायचो. फोटोही काढायचो. एका वर्षी एक मावशी म्हणाली, "भाऊ, ब्लँकेट गेल्या सालचं हाय. पोराचा दाखला मिळल का?"

मुलगा दहावी पास, वसतिगृहात प्रवेश हवा, जातीचा दाखला नाही. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. दर हंगामाला उचल (आगाऊ मजुरी) घेऊन भट्टी बदलणाऱ्या घराकडे कागद कुठून असणार? आजोबा शाळेत गेले नव्हते. कार्यालयात आम्ही सात वेळा गेलो. दरवेळी नवा कागद मागितला गेला. मावशीची दरवेळी दिवसाची मजुरी बुडायची, ती आम्ही थैलीतून भरून दिली. तो ठराव बैठकीत मंजूर व्हायलाच दोन आठवडे लागले, कारण "हे दान कसं?" असा प्रश्न आला होता.

शेवटी पणजोबांच्या मूळ गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जन्माची एक नोंद सापडली. मोडीत होती. आमच्या धर्मग्रामातल्या निवृत्त तलाठी काकांनी भिंग लावून ती वाचली. पणजोबांचं नाव, पुढे 'काथोडी', म्हणजे कातकरीच. मावशीला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "परत वाचा." काकांनी तीनदा वाचलं.

मुलगा वसतिगृहात आहे. मावशी आता दुसऱ्या घरांना घेऊन स्वतः कार्यालयात जाते. कुठला कागद आधी, कुठला नंतर, तिला तोंडपाठ आहे. अकरा कुटुंबं अजून बाकी आहेत आणि काकांची नजर आता साथ देत नाही. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाला मोडी येत असेल आणि महिन्यातला एक शनिवार जमत असेल, तर कृपया इथेच लिहा.