सॅम रेबर्नच्या हायड्रिलात ब्लेडेड जिग: ब्लेड कसे जुळवावे आणि ट्रेलर कोणता लावावा?

ह्यूस्टनवासी

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनहून टेक्सासातल्याच सॅम रेबर्न जलाशयावर लार्जमाउथ बास माशांसाठी नियमित जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मासे अंडी घालण्याआधी उथळ पाण्याकडे सरकू लागले की हायड्रिला या पाणगवताच्या कडेने ब्लेडेड जिग (पुढे थरथरणारे धातूचे ब्लेड असलेला वजनदार गळ) ओढणे हे माझे आवडते काम आहे, परंतु एका अडचणीवर अद्याप उपाय सापडलेला नाही. माझ्याकडे एकाच कंपनीचे, १/२ औंस वजनाचे दोन जिग आहेत. पहिल्याचे ब्लेड रीळ फिरवताच थरथरू लागते. दुसरा मात्र बराच वेळ मुका येतो, मग अचानक सुरू होतो आणि वेग वाढवला की उजव्या कुशीवर कलतो. दोन्हींच्या गळावर मी ट्रेलर, म्हणजे मागे ओवायचे मऊ प्लास्टिकचे आमिष, म्हणून ४ इंची पॅडलटेल लावतो. पक्कडीने ब्लेड वाकवून हा दोष काढता येतो का? आणि गवताचे शेंडे पाण्याखाली ३-४ फुटांवर असतील, तर माशासारखा, सरळ शेपटीचा फ्लूक, वल्ह्यासारख्या शेपटीची पॅडलटेल आणि क्रॉफिशसारखा (गोड्या पाण्यातील नांग्यांचा प्राणी) क्रॉ यांपैकी काय निवडावे? कारणासह सांगितल्यास आभारी राहीन.

लफकिनकर

पक्कड हातात घेण्यापूर्वी ट्रेलर काढून ठेवा आणि नुसता जिग होडीच्या कडेला, डोळ्यांना दिसेल इतक्या पाण्यात ओढून पाहा. ट्रेलरशिवाय तो सरळ येत असेल, तर दोष ब्लेडचा नसून ट्रेलरचा किंवा तो ओवण्याच्या पद्धतीचा आहे. गळ ट्रेलरच्या बरोबर मधोमध न जाता जरासा बाजूने बाहेर आला असेल, तर ट्रेलर सुकाणूसारखे काम करतो आणि जिगला एका अंगाला ढकलत राहतो. कुशीवर कलण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण निघते. ओवण्याआधी ट्रेलर गळाशेजारी धरून गळाचे टोक नेमके कुठून बाहेर यायला हवे तिथे नखाने खूण करावी आणि ओवून झाल्यावर जिग समोरून पाहावा. ट्रेलरची मधली रेघ आणि गळाचा दांडा एका रेषेत दिसले पाहिजेत.

नुसता जिगही कलत असेल, तर पुढील तपासणी ब्लेडच्या जोडाची करावी. ब्लेड जिगच्या ज्या डोळ्यात, म्हणजे कडीत, अडकवलेले असते, तिथे ते दोन्ही बाजूंना सारखेच मोकळे हलले पाहिजे. जिग उभा धरून बोटाने ब्लेड डावीकडे आणि उजवीकडे लोटून पाहा. एका बाजूला ते अडखळत असेल, तर तिथे रंगाचा थर राहिलेला असतो, डोळा तिरपा झालेला असतो किंवा गवताचा तंतू अडकलेला असतो. नव्या जिगमध्ये रंगाचा थर हा नेहमीचा दोष आहे आणि तो टोकदार सुईने खरवडून काढता येतो. डोळा तिरपा असेल, तर सुईनाक पक्कडीने तो अगदी किंचित सरळ करावा. त्यानंतर स्नॅप, म्हणजे लाइन ब्लेडला जोडणारी तारेची कडी, पाहावा. मोठा मासा लागून गेल्यावर स्नॅप लांबट होतो आणि ब्लेडला मधोमध न ओढता कडेने ओढू लागतो. असा स्नॅप सरळ करत बसू नये, बदलून टाकावा. लाइन स्नॅपलाच बांधावी, कारण ब्लेडच्या भोकाची कड गाठ कापते.

इतके करूनही ब्लेड उशिरा सुरू होत असेल, तरच त्याच्या आकाराला हात लावावा. ब्लेडचा बाक जितका जास्त, तितके ते पाणी अधिक अडवते आणि ठोका रुंद व जड होतो. सपाट केले की कंप बारीक आणि जलद होतो. दोन्ही बाजू अगदी सारख्या वाकल्या पाहिजेत, नाहीतर आज उजवीकडे कलणारा जिग उद्या डावीकडे कलेल. एका वेळी डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकेच वाकवावे आणि पुन्हा पाण्यात ओढून पाहावे. तेच ब्लेड वारंवार मागेपुढे वाकवल्यास धातू भोकापाशी थकतो, म्हणून दोन-तीन प्रयत्नांत न जमल्यास तो जिग संथ, उघड्या पाण्यासाठी बाजूला ठेवणे उत्तम.

आता ट्रेलरविषयी. ब्लेडेड जिगचा जीव ब्लेडमध्ये आहे आणि मागे लावलेली प्रत्येक गोष्ट त्या ब्लेडला कमी-अधिक आवर घालते, असे मी मानतो. ४ इंची, जाड अंगाच्या पॅडलटेलची शेपटी स्वतःच्या लयीत हलते, जिगला वर उचलते आणि ब्लेडचा वेग घटवते. तुमचा दुसरा जिग उशिरा सुरू होण्याचे अर्धे उत्तर इथेच असावे. पहिल्या जिगचे ब्लेड हलके सुटत असल्याने तो हा भार पेलतो, दुसऱ्याला तो झेपत नाही.

हायड्रिलात हे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण तिथे आमिष सारखे अडकते आणि सोडवावे लागते. जिग शेंड्यात रुतला की रॉडच्या टोकाने एक तीक्ष्ण झटका द्यायचा. पाने तुटतात, जिग हातभर पुढे उडी घेतो आणि ब्लेड पुन्हा चालू होते. रेबर्नवर माझ्या हाताला लागलेल्या मोठ्या माशांपैकी बहुतेकांनी नेमक्या याच क्षणी तोंड घातले आहे, म्हणजे झटक्यानंतरच्या पहिल्या एक-दोन ठोक्यांत. तेव्हा ब्लेड ताबडतोब सुरू होणे ही चैन नसून गरज आहे. त्यासाठी सडपातळ, सरळ किंवा दुभंगलेल्या शेपटीचा फ्लूक सर्वांत योग्य. व्यावसायिक मासेमार ब्रेट हाइट यांनी यामामोटो या आमिष कंपनीसाठी रचलेला झाको हा ट्रेलर याच विचाराचा आहे: अंगाला खाचा, शेपटी बारीक आणि पाण्याला अडथळा कमी. ज्या जॅकहॅमर जिगच्या घडणीत त्यांचा हात आहे, त्याचे ब्लेडही थेट डोक्याला जोडलेले असून कमी वेगात सुरू होते. जिग आणि ट्रेलर यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे यावरून कळते.

फ्लूक दोन प्रकारे ओवता येतो. चपटी बाजू आडवी ठेवली, तर तो पाण्यावर टेकून जिगला थोडा वर धरतो. उभी ठेवली, तर ब्लेडबरोबर डावी-उजवीकडे वळवळतो. तुम्ही सांगितलेल्या खोलीसाठी १/२ औंस जिग आणि उभा फ्लूक यांनी सुरुवात करावी. गवत जवळजवळ पृष्ठभागापर्यंत आलेले असेल, तर ३/८ औंस आणि आडवा फ्लूक वापरावा.

मिनेटोन्काकाठ

लफकिनकरांनी जुळणीविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु पॅडलटेलला त्यांनी जरा लवकर बाद केले असे वाटते. मी मिनेसोटात लेक मिनेटोन्कावर मासेमारी करतो. तिथे मिलफॉइल आणि कूनटेल या पाणवनस्पतींचे दाट पट्टे आहेत आणि मासे अनेकदा त्यांच्या बाहेरच्या कडेला, काहीशा गढूळ पाण्यात असतात. तिथे मला जिग संथपणे आणि एकाच उंचीवर आणायचा असतो, आणि पॅडलटेल जिगला जी उचल देते तीच मला हवी असते. मात्र ती ३ ते ३.५ इंचांची, सडपातळ अंगाची असावी. जाड अंगाची लावायचीच असेल, तर डोक्याकडचा भाग चाकूने कापून आखूड करावा, म्हणजे तो स्कर्टच्या (जिगभोवतीच्या दोऱ्यांच्या झालरीच्या) आत नीट बसतो.

क्रॉविषयी प्रश्नात विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. फडफडणाऱ्या नांग्यांचा क्रॉ सर्वांत जास्त उचल देतो आणि ब्लेडला सर्वांत जास्त आवरतो. पाणी अजून थंड असेल, मासे क्रॉफिश खात असतील आणि जिग तळालगत हळू हलवायचा असेल, तर तो घ्यावा. टेक्सासात वसंताच्या सुरुवातीला लाल रंगाच्या जिगला जी मागणी असते, ती याच क्रॉफिशमुळे. शेंड्यांवरून वेगाने ओढायचे असल्यास तो टाळलेला बरा.

स्कर्टकडेही लक्ष द्यावे. कारखान्यातून येणारा स्कर्ट बहुधा गरजेपेक्षा लांब असतो. गळाच्या बाकाच्या किंचित मागे तो कापला आणि अधूनमधूनच्या काही दोऱ्या मुळापासून काढल्या, की ओढ कमी होते आणि ट्रेलरची शेपटी मोकळी दिसते.

अँजेलिनातीर

रॉडचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. अतिताठ रॉडने ब्लेडचा ठोका हातात छान जाणवतो, पण मासा आमिष धरत असतानाच ते त्याच्या तोंडातून निसटते. ७ फुटांच्या आसपासचा, मध्यापर्यंत वाकणारा, काचतंतू मिसळलेला रॉड घ्यावा. लाइन १७ ते २० पौंडांची फ्लुरोकार्बन ठेवावी. फारच दाट गवतात ब्रेडेड लाइन पाने कापते, परंतु ती ताणली जात नसल्याने मासा लागताच झटका न देता रॉड बाजूला ओढत न्यावा.

ह्यूस्टनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे तपासले. दुसऱ्या जिगच्या डोळ्यात उजव्या अंगाला खरोखरच रंगाचा थर होता. तो खरवडल्यावर नुसता जिग सरळ येऊ लागला आणि उभ्या फ्लूकसह ब्लेडही लगेच सुरू होते. जाड पॅडलटेल लावली की मात्र तो अजूनही पहिल्यापेक्षा उशिरा जागा होतो, त्यामुळे तो आता फ्लूकसाठीच राखला आहे. एक शेवटची शंका: झटके देताना फ्लूक गळावरून खाली घसरतो आणि गोळा होतो. झी-मॅन कंपनीचे, इलाझटेक या चिवट साहित्याचे, न फाटणारे ट्रेलर घेतल्यास हा त्रास थांबेल का?

लफकिनकर

थांबेल. ते खूप ताणले जातात आणि सहसा फाटत नाहीत. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे हे साहित्य पाण्यावर तरंगणारे आहे, त्यामुळे जिग थोडा वर चालेल. तीच खोली हवी असल्यास रीळ जरा सावकाश फिरवावे किंवा एका टप्प्याने जड जिग घ्यावा. दुसरी म्हणजे हे ट्रेलर नेहमीच्या मऊ प्लास्टिकच्या आमिषांबरोबर एका डब्यात ठेवू नयेत, कारण दोन्हींची एकमेकांशी प्रक्रिया होऊन ती वितळतात आणि चिकटतात. त्यांना त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवावे. सध्याचे फ्लूक वापरायचे असतील, तर गळाच्या मानेवरील काट्यापाशी जेल प्रकारच्या सुपरग्लूचा एक थेंब लावून त्यावर ट्रेलर सरकवावा आणि पाण्यात टाकण्यापूर्वी मिनिटभर वाळू द्यावा.