थंडीत पेट्रोलच्या टाकीला आतून सीलर लावावा काय?

धारणीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी हीरो होंडा सीडी १०० आहे. टाकीच्या तळाशी, कॉकच्या मागे जी शिवण आहे, तिच्यावर गंजाने सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली असून त्यांतून पेट्रोल पाझरते. सध्या तेथे कपड्याच्या साबणाची वडी घासून वेळ निभावतो. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे काही दिवस भागते, परंतु गरम इंजिनावर थेंब पडण्याची भीती कायम असते. राळ आणि हार्डनर (राळ घट्ट करणारे द्रव्य) अशा दोन डब्यांचा इपॉक्सी सीलर, म्हणजे आतून लेप देऊन छिद्रे बुजवणारे द्रव्य, अमरावतीहून आणून ठेवला आहे. तो २० अंशांच्या वर वापरावा, असे डब्यावर छापले आहे. इकडे मेळघाटात सध्या पहाटे पारा दहाच्या खाली असतो. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्रीच येते आणि शेत गावापासून लांब आहे, म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवता येत नाही. टाकी चुलीच्या उबेला ठेवून काम उरकावे, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. तसे करावे काय, की होळीपर्यंत थांबावे?

परतवाड्याचा मिस्त्री
धारणीकर भाऊ, सर्वांत आधी चुलीचा विचार सोडा. पेट्रोलची वाफ उणे ४३ अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. तेव्हा थंडी आहे म्हणून धोका कमी, असे मुळीच नाही. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या निखाऱ्यापर्यंतही पोहोचते. ज्या घरात कापूस साठवून ठेवला आहे, तेथे तर हे काम करूच नये. वेल्डिंग करून देतो म्हणणारेही भेटतील; गंजलेल्या पातळ पत्र्याला डाग दिला की शेजारी नवे छिद्र पडते, शिवाय टाकी फुटण्याचा धोका वेगळाच.

सीलरचे निम्मे यश आतल्या सफाईत असते. कॉक, झाकण आणि काट्याचा फ्लोट असल्यास तोही काढा. भोके रबरी बुचाने बंद करा. साबणाच्या पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुवा, म्हणजे पेट्रोलचा वास आणि बाहेर घासलेला साबण दोन्ही जातील. नंतर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्व, विरघळवून ते टाकीत रात्रभर ठेवा. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो पुरते, मात्र गार पाण्यात त्याचे काम फार मंद चालते. संडास साफ करण्याचे ॲसिड कोणी सुचवले तर ऐकू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुऊन टाकी लगेच उन्हात वाळवा, नाही तर ओल्या पत्र्यावर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो.

आर्वीचे मास्तर
मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थंडीत नेमके काय बिघडते तेवढे सांगतो. इपॉक्सी रंगासारखी वाळत नाही; राळ आणि हार्डनर यांच्या रासायनिक क्रियेने ती घट्ट होते. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा क्रियांचा वेग साधारणपणे निम्मा होतो आणि दहा अंशांच्या खाली बहुतेक साध्या इपॉक्सींची क्रिया जवळपास थांबते. वरून थर कडक दिसला तरी आत तो अर्धवट राहतो, आणि असा थर आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये फुगून सुटतो.

दुसरी अडचण दाटपणाची आहे. गार राळ मधासारखी जड वाहते, शिवणीच्या कोपऱ्यात शिरत नाही आणि तळाला डबके करून बसते. तिसरी अडचण दवाची. गार टाकी उबदार खोलीत आणली की पत्र्याला घाम सुटतो आणि ओल्या पत्र्यावर कोणताही लेप धरत नाही. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्या दवबिंदूपेक्षा पत्रा किमान तीन अंशांनी गरम असावा, हा लेपनाच्या कामातला मान्य नियम आहे. शिवाय गार दमट हवेत हार्डनरचा ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन वर मेणचट थर येतो.

परंतु आपल्या विदर्भातली थंडी रात्रीची असते. दुपारी सपाटीवर पंचवीस अंशांच्या वर ऊन असते आणि चिखलदऱ्याचा माथा सोडला तर धारणीकडेही दुपार उबदारच जाते. म्हणून होळीपर्यंत थांबण्याची गरज मला दिसत नाही. दुपार साधावी आणि रात्री ऊब टिकवावी.

वरुडची संत्री
मास्तरांशी मी अर्धाच सहमत आहे. दुपार साधता येते, हे खरे. पण पूर्ण घट्ट होण्यास सीलरला चांगल्या उबेतही काही दिवस लागतात आणि ते सगळे दिवस टाकी रिकामी ठेवावी लागते. ओलिताच्या दिवसांत हे कसे जमणार? त्यापेक्षा भंगारवाल्याकडून दुसरी टाकी तात्पुरती बसवून घ्यावी आणि ही टाकी सावकाश करावी. घाई केलेला सीलर सुटला की त्याच्या पापड्या कॉकमधून कार्बोरेटरमध्ये जातात आणि मूळ गळतीपेक्षा तो ताप अधिक असतो.

धारणीकर
दुसऱ्या टाकीची सूचना पटली. चुलतभावाकडे तशी एक पडून आहे. आता रात्रीची ऊब कशी टिकवावी, एवढे सांगावे. जुना शंभर वॅटचा बल्ब खोक्यात लावला तर चालेल काय?

परतवाड्याचा मिस्त्री
बल्ब नको. सीलरमध्ये द्रावक असला तर त्याची वाफही पेटते. सकाळी अकराच्या सुमारास टाकी टिनाच्या पत्र्यावर उन्हात ठेवा. हात लावल्यावर पत्रा छान कोमट लागला की सुरुवात करा. दोन्ही डबे बंद ठेवूनच कोमट पाण्यात बसवा, आतली राळ पातळ होईल. एक लक्षात ठेवा, गरम राळेला कमी वेळ मिळतो आणि मिसळलेला सीलर भांड्यात ठेवला तर तो स्वतःच तापून गोठतो. म्हणून मिसळला की लगेच ओता. सर्व बाजू भिजेपर्यंत टाकी सावकाश फिरवत राहा, शिवणीकडे अधिक वेळ द्या, आणि गोठण्याआधी जास्तीचा सीलर ओतून काढा, अन्यथा कॉकचे तोंड आणि हवेची बारीक नळी बुजते. झाकणाच्या काठाला आणि बाहेरच्या रंगाला आधीच ग्रीस लावून ठेवा.

तीन-चारच्या आत ओतण्याचे काम संपवा. सूर्य कलला की टाकी घरात घ्या, पण तोंड उघडे ठेवा आणि खोलीत दिवा, उदबत्ती, विडी काही नको. भोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून वरून गोधडी टाका, झोपण्यापूर्वी पाणी बदला. सकाळी ऊन चढल्यावर पुन्हा बाहेर ठेवा.

आर्वीचे मास्तर
मिसळलेल्या सीलरचा थोडा अंश एका झाकणात पातळ पसरून टाकीच्या शेजारीच, त्याच गोधडीखाली ठेवावा. त्यावर नख दाबून खूण उमटते तोवर पेट्रोल भरू नये. नख घसरू लागले तरी थंडीच्या दिवसांत डब्यावरच्या मुदतीपेक्षा निदान दुप्पट दिवस द्यावेत, कारण गारव्यात क्रिया मंद चालते. कॉक परत बसवताना त्याचे वॉशर नवे घालावे; बऱ्याचदा सीलर पक्का असतो आणि थेंब तेथूनच पडतात.