भरलेली गाडी घाटात जास्त पळते, मग मायलेज काहून नाही वाढत?

संत्रानगरी_०७: भाऊ लोक, पेट्रोल हॅचबॅक आहे. परवा छिंदवाड्याहून येऊन राहिलो होतो, पाच जण अन् डिक्की फुल. सिल्लेवानीच्या घाटात न्यूट्रल केली तर गाडी अशी सुटली की ब्रेक मारत मारतच उतरलो, एकटा असतो तेव्हा तिथंच ती मंदावते. वाटलं फुकटचं मायलेज! पण टाकी टू टाकी हिशोब केला तर १८ च्या जागी १६. काहून?

चौथा_गिअर: सुटणारच. वजन वाढलं की उताराची ओढ तेवढ्याच पटीत वाढते, टायरचं घर्षणही तसंच, पण हवेला गाडीचा आकार अन् स्पीड कळतो, आत किती जण बसलेत ते नाही कळत. म्हणून जड गाडी जास्त पळते. पण जाताना ते वजन वर कोणी नेलं बे? नागपूर ३१० मीटरवर, छिंदवाडा ६७५ च्या आसपास. चार जण म्हणजे ३०० किलो पकड, नुसते तेवढे चढवायला सव्वाशे मिलीच्या आसपास पेट्रोल. उतरताना वसूल झालं असतं, पण तू ब्रेक मारून डिस्क तापवल्या. वरून मानकापूरपासून सिग्नलला थांब-निघ, तिथं तर जड गाडी जास्तच पिते.

जुना_ड्रायव्हर: पोरा, आधी ते न्यूट्रल सोड. आम्हीही कार्ब्युरेटरच्या काळात तेच करायचो. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की पेट्रोल बंदच होते, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जळत राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्यातच उतर, ब्रेकलाही आराम. पाच जण असले की ब्रेक लवकर तापतात अन् तापले की पकडत नाहीत.

संत्रानगरी_०७: काका, खरं सांगू का, एकदा तर इंजिन बंद करून उतरलो होतो 😬

जुना_ड्रायव्हर: वाचलास राजा! इंजिन बंद असलं की दोनतीन दाबात ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपते, मग पेडल दगडासारखं होते, स्टेअरिंगही जड. चावी पूर्ण काढली असतीस तर लॉकच.

चौथा_गिअर: अन् टायरमध्ये हवा किती ठेवतो? ती कमी असली तरी मायलेज पडते. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असते, त्यावर फुल लोडचं प्रेशर वेगळं लिहिलेलं असते.

संत्रानगरी_०७: आत्ताच खाली जाऊन पाहून आलो. मागच्या टायरला ३६ लिहून आहे, मी दोन वर्षं ३० वर फिरून राहिलो 🤦