मारवाडी, तट्टू आणि रेसची घोडी: तिघींचा माज एका हिशेबानं का जमत नाही?

आटपाडीकर
तीन घोड्या एकाच पागेत, खुराक सारखाच.
मारवाडी, 7 वर्षांची, 60 इंची, पायाशी सव्वा महिन्याचं शिंगरू. माज दाखवतच नाही. व्याल्यापासून घोडा दिलेला नाही.
देशी तट्टू, भीमथडीच्या अंगाची, 50 इंच. आठ-आठ दिवस माजावर असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घोडा देतो, तरी उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते.
तिसरी रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड, 14 वर्षांची, 63 इंची. माज स्वच्छ, पाच दिवसांचा, पण गाभण राहत नाही आणि घोडा दिल्यावर दोन-तीन दिवस पाणी गळतं.
घोडा मारवाडी, 61 इंची, बाकी घोड्या त्याच्यापासून गाभण आहेत. हा जातीचा फरक समजायचा का?

मिरजेची_पागा
जातीचा फरक आहे, पण स्वभावात फारसा नाही. लाजरी, तापट, गप्प हे घोडीगणिक बदलतं. जातीनं खरोखर बदलतं ते माजाची लांबी, फॉलिकलचा (बीज ज्यात वाढतं त्या फोडाचा) आकार आणि एका माजात किती बीजं सुटतात ते.

आधी तट्टू, कारण तिचं उत्तर सोपं आहे. मोठ्या घोडीचं चक्र 21-22 दिवसांचं, त्यात माज 5 ते 7 दिवस. पोनी, म्हणजे बुटक्या अंगाच्या घोड्यांचं चक्र दोन-तीन दिवसांनी लांबतं आणि माजही लांबतो. बीज मात्र माजाच्या शेवटी सुटतं, माज संपायच्या 24 ते 48 तास आधी. घोड्याचं वीर्य गर्भपिशवीत भरवशानं दोनच दिवस टिकतं. आठ दिवसांच्या माजात तिसऱ्या दिवशी दिलेलं वीर्य सहाव्या-सातव्या दिवशी सुटणाऱ्या बीजाला कुठून पुरणार? आपल्याकडे डोक्यात गाईचा हिशेब पक्का बसलाय, सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवायची. गाईचं बीज माज ओसरल्यावर सुटतं म्हणून तिथं ते चालतं. घोडीला तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड घोडा द्या, ती कान पाडून लाथ उचलेपर्यंत. मध्येच थांबू नका.

मारवाडीला लोक 'थंड' म्हणतात ते मला पटत नाही. शिंगराची आई घोडा जवळ आला की शिंगराच्या काळजीनं माज दाबते, कुठल्याही जातीची असो. शिंगरू तिच्या तोंडाशी, तिला दिसेल असं एकानं धरायचं. मध्ये छातीइतक्या उंचीची भक्कम फळी, घोडा पलीकडं. रोज एकाच वेळी, पाच-दहा मिनिटं. शेपूट बाजूला, मागचे पाय फाकवून थोडं बसणं, जरा जरा मूत आणि योनीचं खालचं टोक उघडझाप करणं, एवढं दिसलं की माज. काही घोड्या घोडा समोर असेपर्यंत दगडासारख्या उभ्या राहतात आणि तो वळून गेल्यावर मूत सोडतात. तोवर माणसं पाठ फिरवून गेलेली असतात. घोडा गेल्यावरही थोडा वेळ थांबून बघा.

डॉक_कराड
वरच्याशी सहमत. मारवाडीबद्दल थोडी भर. व्याल्यावर पहिला माज 5 ते 12 दिवसांत येतो, तो निघून गेलाय. दुसरा साधारण तिसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे तोही बहुतेक नजरेआड गेला. नुसती वाट बघण्यापेक्षा सोनोग्राफी करून घ्या. बीजांडकोशावर पाच दिवसांपेक्षा जुना पिवळा पिंड (बीज सुटल्यावर तिथं होणारी, माज रोखून धरणारी गाठ) असेल तर तो विरघळवणारं प्रोस्टाग्लँडिन (क्लोप्रोस्टेनॉल 250 मायक्रोग्रॅम, स्नायूत) दिल्यावर 3-4 दिवसांत माज येतो आणि बीज साधारण 7 ते 10 दिवसांनी सुटतं. इंजेक्शननंतर घोडीला घाम सुटतो, थोडी कळही येते, अर्ध्या-पाऊण तासात उतरते. गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस यांनी ते औषध हाताळायचं नाही. आणि पहिल्या माजात घोडा दिलेला असेल, तर आधी गाभण नाही याची खात्री हवीच, नाहीतर गर्भ पडेल. तुमच्याकडे दिलेला नाही, पण हे वाचणारे इतरही असतील.

थरोब्रेडचं दुखणं वेगळं आहे. घोडा दिल्यावर पिशवीला सूज येणं सगळ्याच घोड्यांत होतं. तरुण घोडी ती घाण एका दिवसात बाहेर टाकते, वय झालेलीला ते बरेचदा जमत नाही. घोडा दिल्यावर 24 तासांनी सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी दिसलं तर तेच समजा. उपाय: घोडा दिल्यावर 4 ते 6 तासांनी कोमट रिंगर लॅक्टेटनं पिशवी धुणं, एकेका लिटरनं, परत येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि पिशवी आवळून पाणी बाहेर काढणारं ऑक्सिटोसिन 20 युनिट. दुसऱ्या दिवशी परत बघायचं. गर्भ पिशवीत उतरतो बीज सुटल्यावर सहाव्या दिवशी, तोवर पिशवी धुतली तरी गर्भाला धोका नाही. स्वॅबची तपासणी न करता अँटिबायोटिक भरत राहिलं की शेवटी बुरशी बसते, मग ती काढणं फार अवघड.

तिला घोडा एकदाच द्यायचा. तट्टूचं 'एक दिवसाआड' इथं लावू नका, प्रत्येक वेळी नवी सूज येते. फॉलिकल 35 मिलिमीटरच्या वर आणि पिशवीची घडी सुजलेली दिसली की एचसीजी (बीज सुटायला लावणारं संप्रेरक) 2500 युनिट शिरेत. बहुतेक घोड्यांत बीज 36 तासांच्या आसपास सुटतं, त्याआधी एकच भेट पुरते.

आणि मागून नीट बघा. रेसच्या सडपातळ घोड्यांची गुदद्वाराची जागा आत ओढलेली असते आणि योनी तिरकी होऊन लीद तिच्यावर पडते. चालताना हवा आत गेल्याचा आवाज येतो. तसं असेल तर वरचा भाग शिवून घ्यावा लागतो, त्याला कॅस्लिक म्हणतात. घोड्याला जागा राहील इतकंच शिवायचं, आणि व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी ते उघडायचं. विसरलं तर वितानाच फाटतं.

माणदेशी_टाप
फॉलिकलच्या आकाराबद्दल एक गोष्ट कोणी सांगितली नाही. बीज सुटतानाच्या आकाराचा पुस्तकातला 40-45 मिलिमीटरचा आकडा मोठ्या घोडीचा. तट्टूचं बीज त्याहून लहान आकाराला सुटतं, भारी वजनाच्या जातींत 50 च्या पुढेही जातं. तट्टूच्या बाबतीत 'अजून वाढू दे' म्हणून थांबलात तर दिवस हातचा जातो. एकाच घोडीचा आकार मात्र दर माजाला जवळपास तोच राहतो, म्हणून बीज सुटायच्या आधीचा शेवटचा आकार वहीत लिहून ठेवा.

आटपाडीकर
सगळ्यांचे आभार. 50 इंची तट्टूवर 61 इंची घोडा, विताना अडेल का? आणि हिवाळ्यात उजेड वाढवून माज यावा म्हणून पागेत बल्ब लावायचा का?

मिरजेची_पागा
शिंगराची जन्मावेळची वाढ आईची पिशवी ठरवते, बाप नाही. 1938 मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर (अवजड जात) आणि शेटलंड (बुटकी पोनी) यांचा उलटसुलट संकर करून हे दाखवलं. शेटलंड आईच्या पोटी शायर बापाचं शिंगरू लहानच जन्मलं. वितानाची भीती कमी, इजा होते ती घोडा चढताना. 10-15 सेंटिमीटर जाडीचा, हातभर लांब गुंडाळलेला लोड घोडीच्या पुठ्ठ्यावर, घोड्याच्या लिंगाच्या वरच्या बाजूनं धरा, म्हणजे तो आत पूर्ण जात नाही. घोडी उंचवट्यावर, घोडा खाली.

बल्बचं म्हणाल तर 16 तासांच्या उजेडाची पद्धत ही इंग्लंडातल्या न्यूमार्केटसारख्या ठिकाणासाठी, जिथं डिसेंबर आणि जूनच्या दिवसात जवळजवळ नऊ तासांचा फरक असतो. शिवाय थरोब्रेडचं वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून त्यांना शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच हवं असतं. सांगली-साताऱ्यात तो फरक दोनच तासांचा. धष्टपुष्ट घोडी इथं बहुधा वर्षभर माजावर येते. हिवाळ्यात माज बंद पडला तर आधी बरगड्या चाचपून बघा. थरोब्रेड वाळली की लगेच थांबते, तट्टू नाही.

तट्टूचा धोका उलटा. ती गाभण असताना जाड दिसते म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत वैरण एकदम तोडू नका. पोनी आणि गाढवीत रक्तात चरबी उतरते, खाणं सुटतं आणि जनावर दगावतं.

डॉक_कराड
एक राहिलं. थरोब्रेडमध्ये एका माजात दोन बीजं सुटण्याचं प्रमाण जास्त, तट्टूत फारच कमी. घोडीला जुळं झेपत नाही, बहुतेक वेळा दोन्ही पडतात, तेही उशिरा. तपासणी बीज सुटल्यापासून 14 व्या दिवशी. त्या वेळी गर्भ पिशवीत हलता असतो, धाकटा वेगळा करून चिमटून नष्ट करता येतो. सोळाव्या दिवशी तो जागेवर बसतो, तट्टूत पंधराव्यालाच, मग दोन्ही शेजारी बसले तर अवघड होतं. पिवळे पिंड दोन दिसले आणि गर्भ एकच, तर दोन दिवसांनी परत बघा, दुसरा मागून येऊ शकतो. पस्तिसाव्या दिवसाच्या आत निकाल लावा. त्यानंतर गर्भ पडला तरी घोडीचं शरीर गाभणच समजतं आणि पुढचे तीन-चार महिने नीट माज येत नाही. हातात पूर्ण मोसम उरत नाही. तुमच्या भागात घोड्याची सोनोग्राफी करणारं कोणी नसेल, तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा, घोडी नंतर न्या.