उद्यमबागेतली नोकरी सोडून खानापूर भागात काजू फॅक्टरी: वय ४४, विचार बरोबर आहे का?

प्रश्न: कास्टिंगवाला

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. येत्या मार्चअखेर १८ वर्षं ७ महिने होतील. बेसिक आणि डीए मिळून २२ हजार. कास्टिंग मोजा, रिपोर्ट लिहा, रिजेक्शन कुणाच्या माथी मारायचं यावर भांडा, रोज तेच. काम येतंय, पण मन उडालंय.

खानापूर तालुक्यात बायकोच्या माहेरची गावठाणात शेडसकट जागा आहे. आजूबाजूला काजूची झाडं भरपूर. डोक्यात काजू प्रक्रिया आहे. दिवसाला २०० किलो बी फोडणाऱ्या लाइनचं कोटेशन आलंय ९ लाखांचं. पीएफही साधारण तेवढाच आहे. मार्चअखेर राजीनामा, एप्रिलमध्ये मशीन, मेमध्ये उत्पादन, असा बेत आहे. घराच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत, मोठी मुलगी पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. काजूतलं काही कळत नाही. स्पष्ट बोललात तरी चालेल.

उत्तर: बोरमा

दादा, तुमचं वेळापत्रकच उलटं आहे. आपल्याकडं बी पडायला लागते फेब्रुवारीअखेर, जोर असतो मार्च-एप्रिलला, आणि मेमध्ये वळवानं भिजली की डागी व्हायला लागते. मेमध्ये मशीन चालू करणाऱ्याच्या पदरी हंगामाचा गाळ पडतो. वर्षभर फोडायची बी या तीन महिन्यांतच घेऊन, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून, तागाच्या पोत्यात भरून ठेवायची असते. हलवली की आत गर खुळखुळला पाहिजे, तोवर पोतं शिवू नका. थप्पी फळ्यांवर लावा, भिंतीपासून हातभर सोडून. प्लॅस्टिकच्या पोत्यात बी घामते आणि जुलैत बुरशी दिसते.

आता पैसा. २०० किलोची लाइन महिन्याला २५ दिवस चालली तर ५ टन बी खाते. आठ महिने चालवायची तर ४० टन. दर समजा किलोला १२० धरला तर ४८ लाख झाले. हा आकडा मशीनवाल्याच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो. आणि मशीन फुकट मिळालं, तुमच्या ९ लाखांची सगळी बीच घेतली असं धरलं, तरी साडेसात टन येईल. दीड महिन्यात संपली. मग उरलेलं वर्ष मशीन झाकून ठेवायचं आणि हप्ता भरायचा.

दुसरी गोष्ट उतारा, म्हणजे १०० किलो बीमागं किती गर हाती येतो ते. वाळवून, सोलून, सगळे ग्रेड धरून २२ ते २४ टक्के आला तर ठीक. १२० ची बी आणि २३ टक्के उतारा असेल तर किलोभर गरात नुसती बी ५२२ रुपयांची. उतारा २१ वर आला की तीच ५७१. दोन टक्के घसरले की किलोमागं पन्नास रुपये गेले, आणि ते खरेदीच्या दिवशीच गेलेले असतात. नंतर कितीही चांगलं फोडा, परत येत नाहीत.

तेव्हा कापून बघायला शिका. तुम्ही क्वालिटीचे, सॅम्पलिंग हातातलं आहे. दहा-बारा पोत्यांतून वरून, मधून, तळातून मूठमूठ काढा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत एक किलोवर या. आधी नग मोजा. गावठी बी बारीक, किलोला दोनशेच्या वरही जाते. वेंगुर्ला-७ या सुधारित जातीची बी सरासरी १० ग्रॅमची, म्हणजे शंभरेक नग. मग एकेक बी उभी कापायची. चांगला गर सालीसकट वजन करा. डागी गर वेगळा काढा, त्याचं निम्मंच वजन धरतात. बुरशी आलेला, किडका, पोकळ, हे शून्य. जमलेल्या ग्रॅमना ०.१७६४ नं गुणलं की ८० किलोच्या पोत्यामागं किती पाउंड गर ते निघतं. २७० ग्रॅम आले तर ४७.६ पाउंड. व्यापारी याच भाषेत बोलतो. एकाच व्यापाऱ्याच्या दोन ट्रिपांत दोन-तीन पाउंडांचा फरक सहज पडतो, म्हणून प्रत्येक लॉट कापायचा, ओळख कितीही असो.

उत्तर: हिशेबनीस

वरचं पटलं. मी फक्त नोकरीच्या बाजूचं सांगतो.

पीएफ काढून मशीन घेणं आधी डोक्यातून काढा. नोकरी सुटली तरी शिलकीवर व्याज चालू राहतं, फक्त सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. पेन्शनची सेवा १० वर्षांच्या वर गेली आहे, त्यामुळं तो भाग रोख मिळणार नाही. ५८ ला पेन्शन बसेल. ५० नंतर लवकर घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितकी दर वर्षामागं ४ टक्के कपात, आणि ती कायमची. फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा. धंदा नाही जमला आणि पुन्हा नोकरी धरली तर ही १८ वर्षं पुढं जोडली जातात.

ग्रॅच्युइटीचं सूत्र: शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. मार्चअखेर १८ वर्षं ७ महिने म्हणजे १९ धरतील: २,४१,१५४ रुपये. जानेवारीतच कंटाळून कागद टाकलात तर १८ च धरतील आणि २,२८,४६२ येतील.

आपल्या भागातली खास डोकेदुखी म्हणजे नाव. आधारवर एक स्पेलिंग, पीएफला दुसरं, बँकेत वडिलांचं नाव मधे घातलेलं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. नोकरीवर असताना एचआरकडून जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे तुमच्या आणि कंपनीच्या सहीचा अर्ज, करून दुरुस्त करून घ्या. सुटल्यावर त्याच सहीसाठी गेटवर उभं राहावं लागतं.

कर्जाचं तसंच. आज तुमच्याकडं पगाराच्या स्लिपा आहेत. धंदेवाला झालात की बँक दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न मागते, आणि पहिल्या वर्षाचं रिटर्न दाखवण्यासारखं नसतं. घराच्या कर्जाचे किमान बारा हप्ते वेगळ्या एफडीत ठेवल्याशिवाय राजीनाम्याचा विषय नको. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच सुरू करा. बीपी-शुगर असेल तर आधीच्या आजाराची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते, ती पगार चालू असताना सरू दे.

जागा वहिनींच्या माहेरची आहे, तर युनिट त्यांच्याच नावानं करा. तुमच्या नेमणूकपत्रात दुसरा धंदा करायला बंदी असेलच, तिचाही प्रश्न येत नाही. शिवाय पीएमईजीपीत, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, ग्रामीण भागात सर्वसाधारण पुरुषाला २५ टक्के अनुदान, महिलेला ३५, आणि स्वतःचा वाटा १० ऐवजी ५ टक्के. पण अट नीट ऐका: नव्या युनिटलाच मिळतं. मंजुरीच्या आधी मशीन आणून बसवलं की युनिट जुनं ठरतं. आणि अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत वहिनींच्या नावानं अडकून असतं. योजनेची मुदत आणि ताज्या अटी डीआयसीत (जिल्हा उद्योग केंद्रात) जाऊन विचारा, एजंटाला नको.

उत्तर: शिनोळी नाका

सगळे बोलतील, पण सीमेचं कुणी सांगत नाही. तुम्ही खानापुरात, चांगली बी आणि फोडून देणारे कारखाने महाराष्ट्रात चंदगडकडं, गिऱ्हाईक बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्याला. आपल्याला घरचा रस्ता वाटतो, जीएसटीला ते तीन राज्यांतलं काम.

कर्नाटकातल्या कर्नाटकात नुसता माल विकायचा तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण एक डबा जरी कोल्हापूरच्या दुकानाला विकला तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. सीए म्हणेल कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची ठोक दराची योजना) घ्या, सोपं आहे. घेऊ नका. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही.

नोंदणी झाली की शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या टरफलासकट बीवर ५ टक्के कर तुम्हीच रोखीनं भरायचा, रिव्हर्स चार्ज. नंतर विक्रीच्या करातून वळतं करून मिळतं (क्रेडिट), पण माल विकेपर्यंत पैसे गुंततात. १२ लाखांच्या बीवर ६० हजार. बोरमांच्या हिशेबात हेही धरा.

आपली बी चंदगडच्या कारखान्यात फोडायला पाठवली तर चलनावर जाते आणि वर्षाच्या आत परत आणावी लागते. ई-वे बिल एरवी ५० हजारांच्या वर लागतं, पण परराज्यात जॉबवर्कला, म्हणजे असं दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवताना रक्कम कितीही असो, लागतंच. चार पोती पिकअपमध्ये टाकून निघालो, असं चालत नाही. पलीकडं गोडाऊन घेतलं तर महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर.

म्हणून पहिल्या हंगामात सीमा ओलांडूच नका. बी खानापूर-जांबोटी पट्ट्यातली, फोडून घ्या तालुक्यातच, विक्री बेळगावात. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी मात्र त्यालाही हवी.

कास्टिंगवाला

हे इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे यंदा नोकरी ठेवून थोडी बी घेऊन दुसऱ्याकडं फोडून घ्यायची? किती घ्यावी? आणि पुढं शेड वापरायची झाली तर काय बघू? पावसाळ्यात तिकडं चारचार महिने भिंती ओल्या असतात.

उत्तर: बोरमा

एक टन घ्या. १२० च्या दरानं १ लाख २० हजार, गर २२०-२४० किलो. रविवारी खरेदी, रोज संध्याकाळी कापून बघणं, एवढं नोकरीत बसतं. फोडणावळ गराच्या किलोवर ठरवा, बीच्या नको. बीवर ठरवली की समोरच्याला तुकड्याचं काही वाटत नाही. अख्खा किती टक्के, टरफल कुणाचं, घट किती धरायची, हे आधी कागदावर. आणि एक पूर्ण दिवस रजा टाकून तिथं उभे राहा, डोळ्यांनी बघायच्या जागा चार आहेत.

पहिली वाफ. कुकरमध्ये साधारण १५ ते २० मिनिटं, बीच्या आकारावर आणि ओलाव्यावर. कमी झाली तर टरफल गराला धरून राहतं आणि कटरवर गर मोडतो. जास्त झाली तर तेल सुटून गर पिवळा पडतो, पांढऱ्याचा भाव जातो. लहान-मोठी बी एकत्र वाफवली तर दोन्ही चुका एकाच घाण्यात होतात, म्हणून आधी चाळणीनं आकार वेगळे. दुसरी गार करणं: सावलीत पसरून किमान रात्रभर. गरम बी कापली की टरफलाचं तेल गराला लागतं. हे तेल कातडी जाळतं. बायका हाताला तेल आणि राख लावून बसतात, ते नसेल त्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही.

तिसरी बोरमा, म्हणजे गर वाळवायची भट्टी: सालीसकट गर ट्रेमध्ये, ७० अंशांच्या आसपास, सहा ते आठ तास, मधे ट्रे वरखाली करायचे. घाईनं तापमान चढवलं की कडा तांबूस होतात. कमी वाळला तर साल खरवडून काढावी लागते आणि गरावर ओरखडे. पार कोरडा झाला तर बोटात तुटतो, म्हणून बाहेर काढून थोडी हवा लागू देतात आणि मग सोलायला घेतात. चौथी ग्रेडिंग: डब्ल्यू-३२० म्हणजे पाउंडात ३०० ते ३२० नग, डब्ल्यू-२४० मोठा, डब्ल्यू-१८० त्याहून. बेळगावातल्या मिठाईवाल्याला पाकळी आणि तुकडाही चालतो, त्याचं गिऱ्हाईक आधी बांधा. अख्खा कुणीही घेतो, घरात पडून राहते ती कणी.

शेडचं: गावठाणातली असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीतल्या मालमत्तेच्या नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ कुणाच्या नावावर आहे ते पंचायतीत बघा. सासऱ्यांच्या नावावर असेल तर रीतसर भाडेकरार करा. घरातली जागा म्हणून तोंडी ठेवलं तर बँक, हेस्कॉम (वीज कंपनी) आणि पंचायतीचं लायसन तिन्हीकडं अडतं. शेतजमिनीच्या पहाणीवर (इकडच्या सातबाऱ्यावर) असेल तर आधी बिगरशेती. बॉयलर २५ लिटरच्या वरचा घेतला तर बॉयलर खात्याची नोंदणी आली, आणि प्रदूषण मंडळाची संमती उभारणीआधी वेगळी, चालवायला वेगळी. इंधन म्हणून टरफल फुकट पडतं, पण त्याचा धूर डोळ्याला झोंबणारा. गावठाणात शेजारी पहिल्याच आठवड्यात अर्ज देतात. चिमणी किती उंच नेता येते ते आधी बघा.

ओल्या भिंतींसाठी सरळ उपाय: जून लागायच्या आत फोडून मोकळं व्हा. एक टनाला ते सहज जमतं. वाळलेला गर हवा खातो आणि मऊ पडतो, त्यामुळं सोलला त्याच दिवशी व्हॅक्यूम पिशवीत बंद करायचा.

उत्तर: हिशेबनीस

एक भर. या एक टनाचा हिशेब वेगळ्या वहीत, वेगळ्या बँक खात्यातून ठेवा: बीचा लॉटवार दर, कापणीचा आकडा, हाती आलेला गर ग्रेडवार, विकलेला भाव, वसुलीला लागलेले दिवस. पुढच्या वर्षी बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट द्याल तेव्हा मॅनेजर मशीनचं कोटेशन चाळतो, पण थांबतो वसुलीच्या पानावर. आणि मुलगी पीयूसीत आहे म्हणालात, तर दुसऱ्या वर्षाची परीक्षाही याच हंगामात पडेल. राजीनाम्याचा महिना ठरवताना तेही बघा.