३९० ड्यूकला पिगीबॅक ईसीयू: घरी बसवावा की नाही?

घाटवेडा
केबल थ्रॉटलची, म्हणजे २०१७ च्या आधीची केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकल धरून बोलतोय. पॉवरट्रॉनिकसारखा पिगीबॅक ईसीयू (इंजिन चालवणाऱ्या मूळ कॉम्प्युटरला जोडून त्याचे आकडे बदलणारा डबा) घरी बसवता येतो, त्यासाठी गॅरेजला मजुरी मोजायचं काही कारण नाही. मूळ बॉशचा ईसीयू जागच्या जागी राहतो. नवा डबा क्रँक सेन्सर, टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर), पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि इग्निशन कॉइल यांच्या वाटेत बसतो. कपलर जोडीने येतात, वायर कापावी लागत नाही.

गाडी पूर्ण थंड हवी. टाकीत पेट्रोल कमी असेल तर उचलायला बरं. सीट काढून आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पेट्रोलच्या पाइपात दाब उरलेला असतो, म्हणून त्याचा कपलर फडकं गुंडाळूनच काढा. वायरिंगचा एक कपलर सोडायचा, नवा जोडायचा, मगच पुढचा. सगळे एकदम सोडून बसलात की गोंधळ. डब्याची अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, फ्रेमच्या बोल्टला नाही. रंगावर धड संपर्क होत नाही आणि सेन्सरचे व्होल्ट सरकतात. वायरिंग बेंड पाइपपासून (इंजिन ते सायलेन्सरचा तापणारा पाइप) लांब बांधा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे ताण येतो का बघा. शेवटी लॅपटॉप जोडून टीपीएस कॅलिब्रेट करा: किल्ली चालू, इंजिन बंद, थ्रॉटल पूर्ण मिटलेला आणि मग पूर्ण उघडा.

लॅम्डा एक
असहमत. हे फिटिंग झालं, ट्यूनिंग नाही. सोबत येणारी मॅप फाइल (कधी किती पेट्रोल आणि केव्हा ठिणगी, याची टेबलं) कुठल्या तरी ठरावीक सायलेन्सर आणि एअर फिल्टरसाठी बनवलेली असते. तुमच्या गाडीवर तेच आहे का?

दुसरं, धुरातला ऑक्सिजन ओळखणारा मूळ ओटू सेन्सर नॅरोबँड आहे. त्याला फक्त ०.४५ व्होल्टच्या वर रिच (पेट्रोल जास्त) आणि खाली लीन (पेट्रोल कमी) एवढंच कळतं. हायवेला एका वेगाने जाताना मूळ ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ओटू सेन्सर बघून पेट्रोल जुळवत, असतो. तुम्ही ६ टक्के पेट्रोल वाढवा, तो तेवढंच काढून घेणार. बऱ्याच ईसीयूंमध्ये ही शिकलेली कपात फुल थ्रॉटललाही लागू होते. म्हणजे जिथे मिश्रण रिच हवं, नेमकं तिथेच लीन. यावर उपाय म्हणून लोक ओटू सेन्सरच काढून टाकतात, आणि मग ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) घोळ सुरू होतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५ च्या आसपास. ई१० च्या काळातला मॅप ई२० वर चालवलात तर मिश्रण सुमारे ४ टक्के लीन होतं. सेन्सर जागेवर असता तर निदान क्लोज्ड लूपमध्ये ते सावरलं असतं.

दहाचा पाना
लॅम्डा यांना +१. इंजेक्टरचं गणितही कोणी करत नाही. ९,५०० आरपीएमला क्रँकच्या दोन फेऱ्यांना १२.६ मिलिसेकंद लागतात. त्यातला ८५ टक्के, म्हणजे १०.७ मिलिसेकंद, एवढाच वेळ इंजेक्टर उघडा ठेवावा. मूळ पल्स (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) समजा ९.५ मिलिसेकंद असेल तर १० टक्के वाढ चालेल, १५ टक्के नाही. पुढे पुढे इंजेक्टरला मिटायलाच वेळ उरत नाही. टेबलातला आकडा वाढत जातो, पेट्रोल नाही.

घाटवेडा
मुद्दा मान्य, पण तो घरी न करण्याचा नाही, आंधळेपणाने न करण्याचा आहे. पिगीबॅक मूळ आकड्यावर टक्केवारी चढवतो, त्यामुळे उंचीची भरपाई मूळ ईसीयू करतच राहतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी. फक्त थ्रॉटल आणि आरपीएमवर चालणारा, दाबाचा सेन्सर नसलेला स्वतंत्र ईसीयू लावला तर तिथे गाडी रिच होऊन गुदमरते. तसला ईसीयू घरी लावू नये, हे मीही म्हणेन. पिगीबॅकमध्ये इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या वेळेच्या, टेबलाला हात लावला नाही तर धोका फार उरत नाही.

लॅम्डा एक
पण लोक हात तिथेच आधी लावतात! कॉम्प्रेशन १२.६, गाडीला नॉक सेन्सर नाही, आणि ८,००० आरपीएमला हेल्मेटच्या आत नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) ऐकू येत नाही. दोन अंश ॲडव्हान्स वाढवून, म्हणजे ठिणगी आधी पाडून, पिकअप सुधारल्यासारखा वाटतो. पिस्टनचं काय झालं ते इंजिन उघडल्यावरच दिसतं.

सातबारा
अवांतर: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२अ(४) वाचून ठेवा. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुचाकीच्या पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन आयडलवर मोजतात, तेव्हा ‘पीयूसी पास झाली’ म्हणजे मॅप बरोबर, असं समजू नका. वॉरंटीतल्या गाडीला तर हे करूच नये.

दहाचा पाना
बसवल्यावर गाडी सुरूच झाली नाही तर आधी क्रँक सेन्सरचा कपलर बघा. कधी कधी आतली पिन मागे सरकलेली असते. बाहेरून टक् आवाज येतो, आत संपर्क नसतो. इंजिन चालू असताना लॅपटॉपचं कनेक्शन तुटतंय? प्लग रेझिस्टरवाला आहे का तपासा. आणि मूळ कपलर पुन्हा जोडून बघा, दोष नव्या डब्यात की गाडीत, ते लगेच कळतं.

घाटवेडा
मग मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड ओटू सेन्सर ट्यूनिंगसाठी घरी लावायचा तर कुठे?

लॅम्डा एक
कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, बेंड पाइपवर. एलएसयू ४.९ ला (बॉशचा वाइडबँड सेन्सर) १८ × १.५ चा आटा लागतो; त्याचं नट लेथवाल्याकडून आर्गॉन वेल्डिंगने बसवून घ्या. सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला हवा, नाहीतर पाणी साचून तो फुटतो. त्याच्या आधीच्या जोडातून हवा आत येत असेल तर रीडिंग खोटं लीन दाखवतं, म्हणून बेंडचं गॅस्केट नवं घाला. फुल थ्रॉटलला लॅम्डा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच) ०.८६ ते ०.८८ च्या दरम्यान हवा. हीटरचा करंट न देता सेन्सर पाइपात ठेवून गाडी चालवायची नाही. काम झालं की सेन्सर काढा आणि भोकात बोल्ट मारा.